दीडशे हंड्यांचा टब

३ एप्रिल, सकाळी ६.१५

आजपासून रोजनिशी. प्रोजेक्ट मोठा असला की रेकॉर्ड लागतं.

आमच्या चिखले गावात चिकूच्या वाड्या घरोघरी आहेत. होमस्टेसुद्धा आता सात झाले. हॉट टब मात्र फक्त माझ्याकडे. काल संध्याकाळी बसला. पांढरा शुभ्र, आठ माणसांचा, पाणी बावीसशे लिटर. वाडीच्या अगदी खालच्या टोकाला, जिथून सुरूच्या झाडांमधून समुद्र दिसतो तिथे, जमिनीत गाडून घेतला. ज्याच्याकडून टब घेतला तो वापीचा पीयूष म्हणत होता की चौथऱ्यावर बसवा, तळातून पाइप काढता येईल. पण फोटोत चौथरा बरा दिसत नाही. गवंड्याने विचारलं, "पाणी जाणार कुठून?" म्हटलं, पाणी आपली वाट आपण काढतं.

हिरकणीला दाखवायला नेलं. बायको म्हणून तिला पहिला मान. टबाभोवती एक फेरी मारून म्हणाली, "वैशाखात गरम पाण्यात बसायला कोण येणार आहे?" सांगितलं की हीटर बंद ठेवला की तोच कूल टब. मग तिने बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाली, "दीडशे हंडे." या बाईला जगातली कुठलीही गोष्ट हंड्यात मोजायची खोड आहे.

फिल्टर रोज धुवायचा. झाकण रोज घालायचं. पाण्याची तपासणी दर तीन दिवसांनी. माझा स्वभाव मुळात शिस्तीचा आहे.

५ एप्रिल

वरच्या, म्हणजे झाडांच्या विहिरीचं पाणी भरलं. स्वच्छ दिसत होतं. जंतू मरावेत म्हणून ग्रामपंचायतीत टाकतात ती टीसीएल पावडर टाकली, चार मुठी. पाच मिनिटांत सगळा टब चहा. बिनदुधाचा. काळू म्हणाला, वरच्या विहिरीला लोखंड आहे, धोतर धुतलं तरी लाल होतं. काळू तलासरीकडचा, वडिलांच्या वेळेपासून आमची वाडी सांभाळतो. त्याला हे माहीत होतं, तर आधी का सांगितलं नाही? विचारलं. म्हणाला, "तुमी विचारला नाय."

६ एप्रिल

टब रिकामा करायला मी आणि काळू, दोन बादल्या, तीन तास. तळातलं भोक उघडून उपयोग नाही, कारण त्याच्या खाली जमीन आहे आणि जमिनीला कुठेही जायचं नाही. कंबर धरली. शेवटी तळाला राहिलेलं पाणी हिरकणीच्या जुन्या साडीने टिपून काढलं. साडी आता लाल आहे. तिला सांगितलेलं नाही.

निर्णय: यापुढे टबाला गोडी विहीर.

ही लहान विहीर घराच्या मागे आहे. समुद्र हाकेच्या अंतरावर, तरी पाणी नारळासारखं गोड. घरचं पिण्याचं, स्वयंपाकाचं, शिवाय किनाऱ्यावरच्या बायजीचे रोजचे दोन हंडे. बायजी सुकट-बोंबील विकते. तिच्या घराजवळ सगळं खारं, म्हणून वडिलांनी तिच्या सासूला शब्द दिला होता की विहीर आहे तोवर दोन हंडे तुमचे.

वडिलांचा आणखी एक नियम होता. विहिरीत उतरायला अकरा दगडी पायऱ्या आहेत. चैत्र लागल्यावर सातवी पायरी पाण्याबाहेर आली की पंप बंद, आणि विहिरीला निजवायचं. म्हणजे दोन दिवस कुणी पाणी काढायचं नाही, हंडासुद्धा सोडायचा नाही. म्हणत, गोडं पाणी वर तरंगतंय, खाली समुद्र जागा आहे. त्यांची पिढी निसर्गाला फार घाबरत असे.

आत्ता सहावी पायरी दिसते. भरपूर आहे.

७ एप्रिल

भरला. काय दिसतो! तळाची कंपनीची खूण वाचता येते. स्वतः बसलो, चाळीस मिनिटं. हिरकणीला बोलावलं, ती भाकऱ्या टाकत होती.

सहाव्या पायरीखाली एक वीत.

१२ एप्रिल

पहिले पाहुणे. बोरिवलीचे, मोठी चार, लहान तीन. फार आनंदी कुटुंब. पाण्यात उतरण्याआधी सगळ्यांनी अंगाला काहीतरी चोपडलं, उन्हाचं क्रीम म्हणे. आजोबांनी खोबरेल. जेट चालू केले आणि फेस गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत, मग लहान मुलगी दिसेना.

हिरकणी म्हणाली, आधी न्हाणीघरात अंघोळ करून मग उतरा असं सांगायला काय होतं? घरी आलेल्या पाहुण्याला अंघोळ करून या म्हणायचं? आपले तसे संस्कार नाहीत. तरी एक पाटी लिहिली आणि जास्वंदीच्या मागे लावली, कुणाला टोचू नये म्हणून.

१३ एप्रिल

पाणी करडं. कडेला तेलाचा पट्टा, बोटाने नाव लिहिता येतं. मी लिहून पाहिलं. पीयूषला फोन. म्हणाला, "भाई, पाणी बदलवानुं नथी, साचववानुं छे." म्हणजे पाणी सांभाळायचं. फिल्टर रोज धुवा, लोकांना अंघोळ घाला, झाकण ठेवा, औषध चमच्याने टाका, मुठीने नाही, की तेच पाणी दोन-तीन महिने चालतं. हे लोक एकदा वस्तू विकली की तुम्हालाच कामाला लावतात.

फिल्टर उद्या धुणार.

१४ एप्रिल

फिल्टर पाहिला. आत हात घालवेना. पाणी बदलणं जास्त स्वच्छ.

बागेचा पाइप टबात सोडला आणि दुसरं टोक तोंडाने ओढलं. एकदा ओढलं की पाणी आपोआप वाहतं, हे शाळेत शिकलोय. तोंडात खोबरेल, क्रीम आणि बहुधा चिकू. पाणी मात्र वाहिलं नाही. काळू म्हणाला, पाणी जायला खाली जागा पाहिजे, इथे टबच सगळ्यात खाली आहे. मग जागा करू! टबाशेजारी खड्डा खणायला लावला. साडेचार हातांवर खड्ड्याला आपोआप पाणी लागलं. मला आनंद झाला. काळूने बोट बुडवून चाखलं, थुंकला, आणि खड्डा बुजवायला घेतला.

१५ एप्रिल, रात्री

प्रश्न सुटला! डहाणूहून टुल्लू पंप आणला, नारळाएवढा. टबात सोडला, बटण दाबलं, पाइप चिकूच्या रांगांमध्ये. पंचवीस मिनिटांत टब कोरडा. खाली वाकणं नाही, साडी नाही. झाडांनाही पाणी. याला म्हणतात सिस्टिम. आता मी वाटलं तर रोज पाणी बदलू शकतो.

संध्याकाळी गोड्या विहिरीवरून पुन्हा भरला. हिरकणी पंपाचा आवाज ऐकून मागच्या दारात येऊन उभी राहिली. "तीनशे," म्हणाली. मी म्हटलं, आधीचे दीडशे झाडांना गेले, वाया नाही गेले.

सहा तारखेला लाल पाणी ओतलं त्या तीन चिकूंची पानं पिवळी. पानगळ असावी.

१९ एप्रिल

पाहुणे, सहा जण, वसईचे. छान लोक. पाण्यात बसून जेवले.

२० एप्रिल, सकाळी ७

पाणी बदललं.

सातवी पायरी. म्हणजे पूर्ण नाही. वरची कड ओली दिसते. ओल्या पायरीला बाहेर आलेली म्हणता येणार नाही, नियमाचा अर्थ नीट लावला पाहिजे. शिवाय वडिलांच्या वेळेला पाऊस वेगळा होता.

काळू मात्र विहिरीच्या काठावर बसून राहिला. त्याने मला सरळ सांगितलं, "भाऊ, आज हिला निजवा." मी म्हटलं, शनिवारी बुकिंग आहे. म्हणाला, "तिला बुकिंग ठावं नाय." मी म्हटलं, वडिलांशी कधी असं बोलून दाखवलंस का? वडिलांना असं सांगायची वेळच येत नसे, असं तो म्हणाला.

विहिरीवर हिरवी जाळी बांधून घेतली. पाचोळा पडू नये म्हणून. जाळी दाट आहे, आत काही दिसत नाही.

२३ एप्रिल

टबाचं झाकण तीन दिवस नव्हतं. मी शनिवारी काढून सुरूला टेकवलं होतं, वाऱ्याने गेलं. आज किनाऱ्यावर सापडलं. त्यावर बायजीचा जवळा वाळत होता. बायजी म्हणाली, देवाने पाठवलं, एवढं गुळगुळीत कधी मिळालं नव्हतं. मी जवळा अर्धा वाळेपर्यंत थांबलो, मग झाकण आणलं. पाण्याने धुतलं, लिंबू लावलं.

झाकण घातलं की टबाला जवळ्याचा वास येतो. काढलं की सुरूच्या काड्या, चिलटं आणि एक बेडूक. पाणी हिरवट.

बदलायला हवं. पंप दुपारी लावतो, दोन ते तीन, तेव्हा हिरकणी आडवी झालेली असते. तिला आवाजाचा त्रास नको.

२६ एप्रिल

दुपारी अडीचला पंप. तिला जाग आली. दारात आली नाही. आतूनच मोजल्याचा आवाज आला, "सहाशे." तेवीस तारखेचे दीडशे तिच्या हिशोबात नाहीत.

जाळीखाली हात घालून बॅटरी मारली. आठवी पायरी दिसते. आठवीबद्दल वडिलांनी काहीच सांगितलेलं नाही.

पाहुणे खूश. टब चकाचक.

२७ एप्रिल

आज डाळ शिजली नाही. पाच शिट्ट्या झाल्या, डाळ वाटाण्यासारखी ताटात घरंगळत होती. कुकरची रिंग गेली असणार. बाजारात गेल्यावर आणतो.

हिरकणी म्हणते, पाणी मचूळ लागतंय. मी तिला समजावलं की पन्नाशीला जिभेची चव बदलते. मला स्वतःला काही सांगता येणार नाही, कारण पाहुण्यांसाठी वीस लिटरचे जार मागवतो त्यातलंच पाणी मी पितो. क्वालिटी तपासायला कुणीतरी पिऊन बघायला हवंच.

२८ एप्रिल

नवी रिंग. डाळ तशीच. दुकानदाराने जुनी डाळ खपवली. त्याला ऐकवून आलो. त्याने माझ्यासमोर मूठभर डाळ त्याच्या घरच्या पाण्यात शिजवून दाखवली. शिजली. आता काही लोकांना भांडणाची हौसच असते.

३० एप्रिल, अक्षय तृतीया

आमच्याकडे आज वडिलांच्या नावाने पाण्याचा माठ देतात. नवा माठ, गोड्या विहिरीचं पाणी, वर वाळा आणि एक चिकू. वडील गेल्यापासून तो बायजीला देतो.

हिरकणीने सकाळी सकाळी मला विचारलं, "जारचं पाणी भरू?" मी चिडलो. वडिलांच्या नावाला विकतचं पाणी? ती म्हणाली, "मग तुम्ही भरा." मीच भरलं, जाळी बाजूला सारून. दोर नेहमीपेक्षा बराच खाली गेला. नवा दोर आहे, ताणतो.

बायजी आली, अंगणात बसली. माठातून तांब्याभर घेतलं, एक घोट घेतला आणि थांबली. माझ्याकडे नाही, हिरकणीकडे बघितलं. हिरकणीने मान खाली घातली. मग बायजी म्हणाली, "बाबांच्या नावाचा हाय, परत ठेवू नये," आणि सगळा तांब्या एका दमात रिकामा केला. डोळे मिटून. तोंड पुसलं, माठ डोक्यावर घेतला आणि गेली.

ऊन फार होतं. म्हातारी माणसं उन्हाने अशी करतात.

जेवण गेलं नाही. पुरणपोळी जड असते.

३ मे, रात्री ८

एक मोठं यश! आज नऊ पाहुण्यांनी तेल, क्रीम, शाम्पू सगळं केलं आणि फेस आला नाही. जराही नाही. गेले तीन आठवडे जी गोष्ट मला छळत होती ती आपोआप संपली. माझ्या पाणी बदलण्याच्या सिस्टिमचा हा परिणाम, कालच पुन्हा बदललं होतं. पाणीसुद्धा कसं झळझळीत.

एक बाई म्हणाल्या, "सॉल्ट वॉटर टब आहे का? स्किनला छान असतं." मी हो म्हटलं. उद्या पाटीवर 'मिनरल सॉल्ट टब' लिहून घेतो. ही पाटी जास्वंदीच्या पुढे.

हिरकणीला सांगायला गेलो. तिच्यापुढे घमेलं होतं, कपडे होते, साबण होता. ती साबण घासत होती, घासत होती. म्हणाली, "इथेही नाही येत." आनंदात सामील व्हायचं तिला कधी जमलंच नाही.

६ मे

बायजी आली नाही. आठवलं तर अक्षय तृतीयेपासून आलेली नाही. काळूकडून कळलं की ती स्टेशनच्या रस्त्याच्या नळावर जाते, डोक्यावर हंडा घेऊन, वीस मिनिटं जायला, वीस यायला. तिथे नंबर लागतो, भांडणं होतात. गुडघे दुखतात तिचे. मी काळूला म्हटलं, तिला सांग, आपली विहीर आहे ना. काळू म्हणाला, "तुमीच सांगा."

मी नाही गेलो. बुकिंगचे फोन येत होते.

७ मे

९ ते ११ मोठा ग्रुप. सुरतचे, चौदा जण, तीन दिवस. ते खूश झाले तर दिवाळीपर्यंत पाहावं लागणार नाही. टब दोनदा बदलायचा, शुक्रवारी आणि रविवारी पहाटे. हिरकणीला अजून सांगितलेलं नाही. योग्य वेळ बघतोय.

८ मे, सकाळी ११

योग्य वेळ आली नाही, तिला आधीच कळलं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहून बोलली. ओरडली नाही. ओरडली असती तर मला उत्तर देता आलं असतं. म्हणाली, "मी लग्न होऊन आले तेव्हा मामंजींनी मला घर दाखवलं नाही, वाडी दाखवली नाही. आधी ही विहीर दाखवली. एवढीच आपली कमाई, म्हणाले. आता दोन दिवसांनी भागायचं नाही, तुम्ही नऊ दिवस तिला हात लावू नका. पाया पडते."

मी म्हटलं, ग्रुप गेला की नऊ काय, दहा दिवस. शब्द देतो.

ती पंपाच्या बोर्डाकडे गेली, फ्यूज काढला आणि पदराच्या गाठीत बांधला.

मी अडगळीत तारेचा तुकडा शोधला. सापडला.

९ मे, पहाटे ५

फ्यूजच्या जागी तार टाकली. पंप चालू झाला. पंधरा मिनिटांनी आवाज बदलला, घुरघुर, हवा ओढत होता. पाइप आणखी चार हात खाली सोडला. बॅटरी मारली. दहाव्या पायरीवर शेवाळ नाही, दगड नवा कोरा आहे. तिथे आजवर उजेडच गेला नसेल. मला उगीचच कुणाच्या तरी खोलीत न विचारता शिरल्यासारखं वाटलं.

थांबावं की काय, असा विचार आला. टब अर्धा होता. अर्धा टब कुणाला दाखवणार?

पाणी आधी गढूळ आलं, मग वाळू, आणि मग एकदम स्वच्छ, थंड, भरपूर. पुरून उरेल इतकं. पंपाचा आवाज सरळ झाला. मी तिथेच बसलो आणि हात जोडले. उगीच घाबरवलं होतं या लोकांनी! विहिरीला नवा झरा फुटला. हिरकणी उठली की पहिल्यांदा हेच सांगणार.

९ मे, सकाळी ९

सांगितलं. ती म्हणाली, "झरा?" आणि मागच्या दारात जाऊन बसली. अजून तिथेच आहे.

१० मे

ग्रुप खूश. टब तुडुंब. एक काका बुडी मारून वर आले आणि म्हणाले, "असल दरिया जेवुं!" सेम समुद्रासारखं. मी हसलो. चांगली दाद होती.

१० मे, संध्याकाळी ६

जार संपले. चौदा माणसांचा चहा, म्हणून विहिरीचं पाणी ठेवलं. दूध घातलं आणि चहा फाटला. दुसरं दूध आणलं, तोही फाटला. तिसऱ्यांदा हिरकणीने पातेलं चुलीवरून उतरवलं, त्यातला एक पेला चाळणीने गाळला आणि माझ्यापुढे धरला. चौदा माणसं ओट्यावरून बघत होती.

प्यायलो.

११ मे

पहाटे विहिरीवर गेलो. पंप लावायला नाही. दोर सोडला, बादली काढली, ओंजळीने चाखलं. मग पुन्हा चाखलं. मग भरती असेल म्हणून ओहोटीची वेळ होईपर्यंत काठावर बसलो, आणि पुन्हा चाखलं.

काळू आला. माझ्याशेजारी बसला. म्हणाला, "तुमचे बाबा रडले असते." एवढंच. वाईट म्हणजे तो स्वतः रडत होता.

ग्रुप दुपारी गेला. रिव्ह्यूमध्ये लिहिलंय: टब उत्तम, चहा नाही.

१४ मे

पीयूषला फोन केला. विचारलं, पाणी गोडं करायचं काही मशीन मिळतं का. म्हणाला, मिळतं. टबाला? म्हटलं, विहिरीला. मग म्हणाला, "भाई, एटलुं मोटुं नथी आवतुं." एवढं मोठं येत नाही.

वरच्या विहिरीचं पाणी गाळून बघितलं. लाल. तुरटी फिरवली. लालच.

हिरकणी सकाळी हंडा घेऊन स्टेशनच्या रस्त्याला गेली. बायजीबरोबर. मी म्हटलं, मी गाडीवरून कॅन आणतो. म्हणाली, "तुम्ही बसा."

१७ मे

शेजारच्या दोन वाड्यांतून माणसं आली. त्यांच्या विहिरीही मचूळ झाल्यात. खालचा समुद्र कुंपणं मानत नाही. कुणी मला दोष दिला नाही. म्हणाले, यंदा ऊनच फार आहे, पंपही सगळ्यांचेच चालतात. मी मान डोलावणार होतो. खरं तर डोलावलीही. मग आत हिरकणीने भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला, आणि मी त्यांना सांगितलं की टब मी सात वेळा भरला. शेवटचा भरताना दहावी पायरी उघडी होती आणि तरी मी पाइप खाली सोडला. माझ्यामुळे झालं.

चहा नव्हताच, ते उठून गेले.

रोजनिशीत आधी जे लिहिलंय ते वाचून काढलं. लाज वाटली. फाडणार होतो, पण रेकॉर्ड आहे.

२० मे

ग्रामपंचायतीने टँकर मंजूर केला, एक दिवसाआड. टँकर आमच्या फाटकापर्यंत येतो. पण पाणी ओतायचं कशात? सगळ्या वाड्यांत मिळून सगळ्यात मोठं भांडं कुठलं, यावर अर्धा तास चर्चा झाली. बायजीने माझ्याकडे न बघता बोट दाखवलं.

काळू आणि मी टब जमिनीतून उपटून काढला. फाटकाजवळ चौथरा बांधला आणि त्यावर बसवला. पीयूष येऊन तळाच्या भोकाला तोटी लावून गेला. पैसे घेतले नाहीत. फिल्टर मी धुतला. तीन तास लागले. झाकण नवीन.

२४ मे, दुपारी २

टँकर सकाळी अकराला येतो. टब भरतो, तळाची खूण वाचता येते. कुणी हात बुडवत नाही, कुणी पाय लावत नाही. हिरकणी तोटीशी उभी राहते, घरटी सहा हंडे, आणि म्हाताऱ्यांना आधी. दीड वाजेपर्यंत टब आपोआप रिकामा होतो. पंप नाही, पाइप नाही, साडी नाही. मी रांगेत शेवटी असतो, ते मीच ठरवलंय. आज माझा नंबर आला तेव्हा अर्धा हंडा मिळाला.

बायजीने विचारलं, "भाऊ, हीर कवा गोडी होल?" म्हटलं, पाऊस पडला की. ती म्हणाली, "यंदाच्या का?" मला माहीत नाही, असं सांगितलं.

मघाशी मुंबईहून फोन आला. त्यांनी रिव्ह्यू वाचला होता. टब चालू आहे का? म्हटलं, आहे. पाणी स्वच्छ असतं ना? म्हटलं, पिण्याइतकं. रोज बदलता? म्हटलं, रोज नाही, एक दिवसाआड, पण थेंब शिल्लक राहत नाही. फारच खूश झाले. आम्ही आठ जण आहोत, कधी येऊ, म्हणाले.

म्हटलं, अकराच्या आधी या, आणि येताना हंडा आणा.